जुना अमेरिकन पिकअप ट्रक नेमका कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या बाजारासाठी बनलेला? असं ओळखा!

रील्स बघताना जुने अमेरिकन पिकअप ट्रक तुम्हालाही दिसत असतील. चौकोनी तोंडाची शेवरोले, लांबलचक बॉनेटची फोर्ड एफ-१००, दणकट डॉज. खाली कॅप्शन असतं "१९७५ मॉडेल". पण ते खरंच १९७५ चं आहे का? आणि कॅनडासाठी बनलेला ट्रक अमेरिकेचा म्हणून तर विकला जात नाहीये ना?

हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा नाही, यात पैसा अडकलेला असतो. एक उदाहरण घेऊ. समजा तुमचा मामेभाऊ नोकरीसाठी कॅलिफोर्नियात आहे आणि त्याला जुना शेवरोले पिकअप घ्यायचाय. जाहिरातीत लिहिलंय, "१९७५, स्मॉग टेस्ट लागत नाही." कॅलिफोर्नियात पेट्रोलवर चालणाऱ्या १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलना धूर तपासणीतून सूट आहे. १९७६ पासूनच्या मॉडेलना ती नाही. म्हणजे एका वर्षाच्या फरकामुळे ट्रक आयुष्यभर मोकळा सुटेल, नाहीतर ठरावीक काळाने तपासणीच्या रांगेत उभा राहील. मामेभावाने तुम्हाला व्हॉट्सअॅपवर चार फोटो पाठवलेत. त्यावरून तुम्ही काय सांगाल?

चला, एक-एक करून बघू. आणि हो, या ट्रकचं कोडं लेखाच्या शेवटी सोडवणार आहोत.

आधी हे समजून घ्या: बनल्याचं वर्ष आणि मॉडेल वर्ष वेगळं असतं

सगळा घोळ इथूनच सुरू होतो. अमेरिकेत कंपन्या पुढच्या वर्षाचं मॉडेल साधारण आदल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरच बनवायला घेतात. त्यामुळे ऑक्टोबर १९७८ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलेला ट्रक बहुतेक वेळा १९७९ चं मॉडेल असतो. आपल्याकडे दिवाळी अंक नव्या वर्षाच्या आधीच हातात पडतो ना, तसंच काहीसं.

त्यात तिसरं वर्षही असतं, ते म्हणजे कागदपत्रांवरचं. फार जुन्या ट्रकच्या बाबतीत अमेरिकेतल्या काही राज्यांत गाडी ज्या वर्षी विकली गेली तेच वर्ष कागदावर चढायचं. डीलरकडे वर्षभर पडून राहिलेला ट्रक कागदावर एक वर्षाने "तरुण" झालेला सापडतो. म्हणून नुसत्या कागदावर विश्वास ठेवू नका आणि नुसत्या चेहऱ्यावर तर अजिबात नको.

पायरी १: नंबर शोधा

गाडीच्या ओळख क्रमांकाला तिकडे व्हीआयएन म्हणतात. आपण ज्याला चेसिस नंबर म्हणतो, साधारण तेच. तो या ठिकाणी सापडतो:

- ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या काचेतून दिसणारी डॅशबोर्डवरची पट्टी
- ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर किंवा दाराच्या कडेवर असलेली पट्टी किंवा स्टिकर (१९७० च्या दशकातल्या बऱ्याच ट्रकवर मुख्य नंबर इथेच असतो)
- चेसिसच्या लांब लोखंडी पट्टीवर ठोकलेला नंबर

फोटो काढताना मोबाइलचा टॉर्च समोरून मारू नका, बाजूने तिरका धरा. ठोकलेल्या अक्षरांच्या सावल्या पडतात आणि नंबर उठून दिसतो. गंज असेल तर आधी कोरड्या कापडाने पुसा आणि खडू हलक्या हाताने घासा.

फोटोतून मजकूर ओळखणारं फीचर वापरत असाल तर सांभाळा. मोबाइल एसला ५, बीला ८, झेडला २ आणि जीला ६ समजतो. पण एक सोपी युक्ती आहे. १७ अंकी व्हीआयएनमध्ये आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. त्यामुळे मोबाइलने "ओ" दाखवला तर ते शून्यच आहे असं धरा.

पायरी २: अक्षरं मोजा

नंबरमध्ये अंक आणि अक्षरं मिळून १७ जागा असतील तर ट्रक १९८१ किंवा त्यानंतरच्या मॉडेलचा आहे. अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून १७ जागांचा नंबर सगळ्यांना सक्तीचा झाला. त्याहून कमी जागा असतील तर ट्रक त्याआधीचा आणि प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी.

१७ जागांचा नंबर कसा वाचायचा?

*पहिली जागा: कुठे बनला.* १, ४ किंवा ५ म्हणजे अमेरिका, २ म्हणजे कॅनडा, ३ म्हणजे मेक्सिको. पहिल्या तीन जागा मिळून कंपनी आणि गाडीचा प्रकार कळतो. उदाहरणार्थ, १-एफ-टी म्हणजे अमेरिकेत बनलेला फोर्ड ट्रक, २-एफ-टी म्हणजे कॅनडात बनलेला फोर्ड ट्रक, १-जी-सी म्हणजे अमेरिकेत बनलेला शेवरोले ट्रक, १-जी-टी म्हणजे जीएमसी.

इथे बरेच जण फसतात. "२ ने सुरू होतो, म्हणजे हा कॅनडाचा ट्रक" असं म्हणतात. तसं नाही! हा आकडा फक्त *कुठे बनला* ते सांगतो, *कोणासाठी बनला* ते सांगत नाही. कॅनडातल्या कारखान्यांनी अमेरिकेसाठी भरपूर ट्रक बनवले. १९९० च्या दशकातले कितीतरी डॉज रॅम मेक्सिकोतल्या साल्टियो इथे बनून अमेरिकेत विकले गेले.

*दहावी जागा: मॉडेल वर्ष.* सगळ्यात कामाची जागा हीच. यादी अशी:

- बी १९८१, सी १९८२, डी १९८३, ई १९८४, एफ १९८५
- जी १९८६, एच १९८७, जे १९८८, के १९८९, एल १९९०
- एम १९९१, एन १९९२, पी १९९३, आर १९९४, एस १९९५
- टी १९९६, व्ही १९९७, डब्ल्यू १९९८, एक्स १९९९, वाय २०००
- त्यानंतर २००१ साठी १, २००२ साठी २, असं करत २००९ साठी ९

२०१० पासून पुन्हा ए, बी, सी सुरू होतं. म्हणजे दर ३० वर्षांनी तेच अक्षर परत येतं. एल म्हणजे १९९० किंवा २०२०. ट्रककडे एक नजर टाकली तरी यातलं कोणतं ते कळतं. शंका असेलच तर सातवी जागा बघा. हलक्या गाड्यांमध्ये तिथे अंक असेल तर वर्ष २००९ किंवा आधीचं, अक्षर असेल तर २०१० किंवा नंतरचं.

*अकरावी जागा* म्हणजे कारखाना आणि शेवटच्या सहा जागा म्हणजे अनुक्रमांक.

खोटा नंबर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पकडा

नववी जागा म्हणजे तपासणी अंक. बाकी सगळ्या जागांवरून गणित करून तो काढलेला असतो. कोणी एखादं अक्षर बदललं किंवा तुम्ही चुकीचं उतरवलं, तर हे गणित जमत नाही.

पद्धत अशी. आधी अक्षरांचे अंक करा. ए ते एच म्हणजे १ ते ८. जे ते एन म्हणजे १ ते ५. पी म्हणजे ७, आर म्हणजे ९. एस ते झेड म्हणजे २ ते ९. मग १७ जागांना क्रमाने या आकड्यांनी गुणा: ८, ७, ६, ५, ४, ३, २, १०, ०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २. सगळ्यांची बेरीज करा आणि ११ ने भागा. उरलेली बाकी म्हणजेच नवव्या जागेवरचा अंक. बाकी १० आली तर तिथे एक्स हे अक्षर असतं.

सराव करायचाय? सगळ्या १७ जागी १ आहे असं समजा. बेरीज येते ८९. त्याला ११ ने भागलं की बाकी १. नवव्या जागी १ आहेच, म्हणजे गणित जुळलं!

अमेरिका आणि कॅनडाच्या बाजारासाठीच्या नंबरात हा तपासणी अंक सक्तीचा आहे, सगळ्या जगात नाही. त्यामुळे गणित जुळत नसेल तर आधी स्वतःचं उतरवणं तपासा. मग पट्टीशी छेडछाड झालीये का ते बघा. तिसरी शक्यता, ट्रक दुसऱ्याच एखाद्या देशासाठी बनलेला असू शकतो. गणित आयतं हवं असेल तर अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या साइटवर १९८१ पासूनचे नंबर मोफत उलगडून मिळतात.

१९८१ च्या आधीचे ट्रक

इथे खरी मजा आहे, कारण कोणतीही साइट सरळ उत्तर देत नाही.

*शेवरोले आणि जीएमसी (१९७३ ते १९८०):* नंबर १३ जागांचा असतो. पहिली जागा सी म्हणजे शेवरोले, टी म्हणजे जीएमसी. दुसरी जागा सी म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद, के म्हणजे चारही चाकांना. तिसरी जागा इंजिनाची. चौथी १ असेल तर अर्धा टन, २ असेल तर पाऊण टन, ३ असेल तर एक टन. पाचवी बॉडीची. आणि सहावी जागा मॉडेल वर्षाची: ३ म्हणजे १९७३, ४ म्हणजे १९७४, असं ९ म्हणजे १९७९ पर्यंत. १९८० साठी ए.

"अर्धा टन" म्हणजे तेवढाच माल उचलतो असं नाही हं! ते फार जुन्या काळातलं वर्गाचं नाव आहे, तेच पुढे चालत राहिलं.

*फोर्ड (१९६७ ते १९७९):* नंबराची सुरुवात मालिकेने होते. एफ-१-० म्हणजे एफ-१०० दोन चाकी ताकदीचा, एफ-१-१ म्हणजे त्याचाच चार चाकी ताकदीचा भाऊ, एफ-२-५ म्हणजे एफ-२५०. पुढे इंजिन आणि कारखान्याचं अक्षर. पण वर्षासाठी वेगळी जागाच नाही! वर्ष काढायचं तर अनुक्रमांक कोणत्या टप्प्यात बसतो ते तक्त्यात बघावं लागतं. म्हणून जुन्या फोर्डच्या बाबतीत "दहावं अक्षर बघ" असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

पायरी ३: दारावरचं स्टिकर, बाजार ओळखण्याची जागा

नंबराने वर्ष सांगितलं. आता बाजार कसा ओळखायचा?

*अमेरिका:* दाराच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं की ही गाडी बनवण्याच्या तारखेला लागू असलेली अमेरिकेची संघीय सुरक्षा मानकं पूर्ण करते. तिथेच बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं.

*कॅनडा:* तिथल्या सुरक्षा चिन्हात मेपलचं पान असतं. ते दिसलं की ट्रक कॅनडाच्या बाजारासाठीचा. इतर खुणाही आहेत. कॅनडाने सप्टेंबर १९७७ मध्ये रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरमध्ये बदलल्या, त्यामुळे त्यानंतरच्या ट्रकच्या मीटरवर किलोमीटर ठळक असतात. १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या गाड्यांना तिथे दिवसा आपोआप लागणारे दिवे सक्तीचे झाले. काही नावं तर फक्त तिथलीच होती. फोर्डचेच ट्रक कॅनडात मर्क्युरी या नावाने १९४६ ते १९६८ दरम्यान विकले जायचे (एफ-१०० ऐवजी एम-१००), आणि डॉजचे ट्रक फार्गो या नावाने १९७२ पर्यंत.

*कॅलिफोर्निया:* अमेरिकेतल्या अमेरिकेत हा वेगळा बाजार आहे, कारण तिथले धुराचे नियम जास्त कडक. बॉनेटखाली धूर नियंत्रणाचं स्टिकर असतं. त्यावर कोणत्या मॉडेल वर्षाचे आणि कोणाचे नियम गाडी पाळते ते स्पष्ट लिहिलेलं असतं. मॉडेल वर्षाचा हा दुसरा भक्कम पुरावा आहे, आणि बहुतेक लोक तो बघतच नाहीत.

*जीएमचे ट्रक:* ग्लोव्ह बॉक्सचं झाकण उघडा. आत तीन-तीन अक्षरी कोडची यादी असलेलं स्टिकर मिळू शकतं. वाय-एफ-५ म्हणजे कॅलिफोर्नियाचं धूर नियंत्रण, एन-ए-५ म्हणजे बाकी अमेरिकेचं, झेड-४९ म्हणजे कॅनडासाठीचे सक्तीचे बदल. एका फोटोत बाजाराचा निकाल!

बाजार माहीत नसताना पार्ट मागवले तर काय होतं? कार्ब्युरेटर, धुराचे पाइप, मीटर असे पार्ट एकाच वर्षाच्या, एकाच दिसणाऱ्या दोन ट्रकमध्येही वेगळे निघू शकतात. पार्ट आला, बसला नाही, परत पाठवायचा खर्च तुमचा.

वजनाची ओळ का वाचायची?

दारावरच्या स्टिकरवर गाडी आणि माल मिळून कमाल वजन लिहिलेलं असतं. १९७० च्या दशकातल्या ट्रकसाठी हा आकडा फार महत्त्वाचा. त्या काळी ६,००० पौंडांच्या (साधारण २,७२० किलो) आतल्या हलक्या ट्रकना धुराचे नियम कडक होते. फोर्डने १९७५ मध्ये एफ-१५० काढला तोच मुळात या रेषेच्या थोडा वर बसावा म्हणून. एफ-१०० पेक्षा थोडा जड, त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची भानगड नाही. पुढे १९७९ च्या मॉडेलपासून ही रेषा ८,५०० पौंडांवर गेली. आज जगभर गाजलेलं एफ-१५० हे नाव एका नियमाच्या पळवाटेतून जन्माला आलंय, हे माहीत होतं का?

चेहऱ्यावरून अंदाज: उपयोगी, पण पुरावा नाही

फोटोत नंबर नसेल तर या खुणा कामाला येतात:

- शेवरोले १९६७ ते १९७२: बाजूला मार्कर दिवे किंवा रिफ्लेक्टर नसतील तर १९६७. १९६८ पासून ते आले.
- शेवरोले १९७३ ते १९८७: प्रसिद्ध चौकोनी बॉडी. १९८१ मध्ये पुढचा चेहरा बदलला.
- फोर्ड १९८० ते १९८६: बॉनेटच्या पुढच्या कडेवर सुटी इंग्रजी अक्षरं असतील तर १९८० किंवा १९८१. जाळीत निळा लंबगोल असेल तर १९८२ किंवा नंतरचा.
- डॉज: मोठ्या लॉरीसारखं उंच तोंड, बाजूचे मडगार्ड खाली उतरलेले, म्हणजे १९९४ किंवा नंतरचा.

दोन मोठे सापळे लक्षात ठेवा. १९८८ मध्ये शेवरोलेने नव्या बॉडीला सी आणि के हीच नावं दिली. गोंधळ नको म्हणून १९८७ पासून जुन्या बॉडीला आर आणि व्ही म्हणायला सुरुवात केली. चार दारांचे जुन्या बॉडीचे ट्रक तर १९९१ पर्यंत बनत होते. म्हणजे "चौकोनी आहे, १९८७ च्या आतलाच" हे चूक. दुसरा सापळा फोर्डचा. १९९७ मध्ये एफ-१५० गोलसर झाला, पण जड कामाचा एफ-२५० त्या वर्षीही जुन्याच चेहऱ्याने विकला गेला.

आणि शेवटी, जाळी चार बोल्ट काढले की बदलते. पन्नास वर्षांत एखाद्या ट्रकने तीन चेहरे बदललेले असू शकतात.

आपल्या मुंबईचं नातं

हा विषय पूर्णपणे साता समुद्रापलीकडचा नाही बरं का! जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडणीचा कारखाना सुरू केला, तो १९५४ पर्यंत चालला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायसलरशी करार करून डॉज आणि फार्गो ट्रक बनवले. घरातल्या आजोबांना "फार्गो" म्हणून बघा, बहुतेक एखादा किस्सा निघेल. हे ट्रक उजव्या हाताच्या स्टिअरिंगचे, म्हणजे आपल्या बाजारासाठीचे. अशा ट्रकचं आरसी बुकवरचं नोंदणीचं वर्ष म्हणजे बनल्याचं वर्ष असेलच असं नाही. चेसिसवरची मूळ पट्टी शोधा.

आता मामेभावाच्या ट्रकचा निकाल

चार फोटो परत उघडा. दारावरच्या स्टिकरवर बनवल्याची तारीख: दहावा महिना, १९७५. विक्रेता तेच बघून "१९७५" म्हणतोय. तो खोटं बोलत असेलच असं नाही. पण १३ जागांच्या नंबरात सहाव्या जागी ६ आहे. बॉनेटखालच्या स्टिकरवरही १९७६ मॉडेल वर्षाचे नियम लिहिलेत. म्हणजे ट्रक बनला ऑक्टोबर १९७५ मध्ये, पण मॉडेल १९७६ चं. धूर तपासणीची सूट मॉडेल वर्षावर मिळते. त्यामुळे सूट नाही!

मात्र उलटही होतं. काही नियम मॉडेल वर्ष बघतच नाहीत. अमेरिकेच्या मानकांप्रमाणे न बनलेली गाडी बाहेरून अमेरिकेत आणायची तर २५ वर्षांची अट *बनवल्याच्या तारखेपासून* मोजतात. म्हणून दोन्ही वर्षं लिहून ठेवा आणि नियम कोणतं वर्ष विचारतोय ते बघा.

पैसे देण्याआधी हे करा

१. डॅशबोर्ड, दार आणि चेसिस, जिथे जिथे नंबर आहे तिथले सगळे फोटो मागवा. ते एकमेकांशी आणि कागदाशी जुळतात का बघा.
२. १७ जागांचा नंबर असेल तर नवव्या जागेचं गणित करा.
३. पट्टीचे रिव्हेट नवे, वाकडे किंवा वेगवेगळे वाटतात का, ते झूम करून बघा.
४. दाराचं, बॉनेटखालचं आणि ग्लोव्ह बॉक्समधलं स्टिकर, तिन्हीचे फोटो घ्या. दार बदललेलं असू शकतं, म्हणून एकावर थांबू नका.
५. चोरीची किंवा अपघातात बाद झालेली गाडी नाही ना, हे अमेरिकेच्या एनआयसीबी संस्थेच्या साइटवर मोफत तपासा.
६. विक्रेता नंबराचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच नमस्कार करून निघा.

तीन वेगवेगळ्या ठिकाणचे पुरावे एकच गोष्ट सांगत असतील तर वर्ष पक्कं. दोनच जुळत असतील तर तिसरा का जुळत नाही, ते विचारा. आणि फक्त जाहिरातच सांगत असेल तर पैसे खिशातच राहू द्या.